समुद्राच्या पाण्यातला विरघळलेला काळा कार्बन येतो कुठून?

वर्सोवाकर: आमच्या खिडकीच्या गजांवर रोज काजळी बसते, बोट फिरवलं की काळं. समुद्राच्या वरच्या पाण्यातही काळा कार्बन, म्हणजे काही जळल्यावर उरणारा काजळी-कोळशातला कार्बन, विरघळलेला असतो म्हणे, तो नद्यांतून येतो की हवेतून? आपल्या मुंबईतल्या मिठी नदीचं काळं पाणी म्हणजे तेच का?

खाडीकाठ: नाही हो, मिठीचा काळेपणा सांडपाण्याचा नि गाळाचा. विरघळलेला काळा कार्बन असा डोळ्याला दिसत नाही. जंगल, गवत जळलं की कोळसा मातीत राहतो, पाऊस तो वर्षानुवर्षं थोडाथोडा विरघळवतो आणि नद्या समुद्रात नेऊन सोडतात, जगभरातून वर्षाला साधारण २.७ कोटी टन, हा २०१३चा अंदाज.

लाटावेडी: पण खरी गोम पुढेच आहे! २०१९मध्ये ॲमेझॉन, कांगोसारख्या नद्यांचं पाणी आणि खुल्या समुद्राचं पाणी ताडून पाहिलं तर त्या काळ्या कार्बनमधलं कार्बन-१३चं (कार्बनचा जरा जड प्रकार, त्याच्या प्रमाणावरून माल कुठला ते कळतं) प्रमाण जुळेचना, समुद्रात ते जास्त निघालं. म्हणजे तिथला बराचसा माल नद्यांचा वाटत नाही.

वर्सोवाकर: मग नद्यांनी आणलेला जातो कुठे?

लाटावेडी: बराचसा उन्हाने मोडतो, काही कणांना चिकटून तळाशी बसतो. हवेतली काजळीही पडते पाण्यात. पण समुद्रातलं कार्बन-१३चं प्रमाण प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) कार्बनशी जास्त जुळतं, आणि मोजताना थेट काळा कार्बन नाही तर तो मोडून मिळणारी आम्लं मोजतात, ती न जळलेल्या पदार्थातूनही येऊ शकतात. त्यामुळे समुद्रातलं सगळं आगीतूनच आलंय हे मला तरी पटत नाही.