विमानतळापासून मुक्कामाच्या दारापर्यंत: चालकासह आलिशान गाडीचे अनुभव

निमंत्रण

चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यातील मोप्याहूनही प्रवासी विमाने उडू लागली. त्यामुळे तळकोकण मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर आले. मात्र विमानतळावर उतरल्यानंतरचा रस्ता होता तेवढाच राहिला. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशा ठिकाणी जायचे असेल, तर हवेत जेवढा वेळ जातो त्याच्या दुपटीहून अधिक वेळ गाडीत जातो. या टप्प्यासाठी चालकासह मोठी गाडी आधीच ठरवून ठेवणाऱ्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. कंपन्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक कृपया देऊ नयेत. गाडी, चालक, रस्ता आणि भाड्याच्या अटी यांविषयी मात्र हात राखून लिहू नये.

देवगडहून

माझ्या वडिलांचे वय ऐंशीच्या पुढे असून त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली आहे, त्यामुळे मोप्याहून घरापर्यंतच्या शंभराहून अधिक किलोमीटरसाठी पैशाकडे न पाहता उत्तम गाडी घ्यावी, असे भावाने परदेशातून सुचवले आणि फॉर्च्युनर ठरवली. गाडी पाहताच वडील म्हणाले, "माका हेच्यात चढूक जमाचा नाय." त्यांचे म्हणणे खरे होते. उंच पायरीवर पाय टाकताना गुडघ्यावर येणारा भार त्यांना सोसत नव्हता. चालकाने बरोबर आणलेला लाकडी पाट खाली ठेवला आणि दाराच्या बाजूने आधार दिला, म्हणून ते बसू शकले. परतीच्या वेळी आम्ही इनोव्हा क्रिस्टा मागवली. मधल्या रांगेतील दोन स्वतंत्र खुर्च्या, त्यांचे हात आणि बेताची उंची यांमुळे वडील त्यात आरामात बसले. वृद्धांसाठी गाडी ठरवताना तिची किंमत विचारण्याऐवजी पायरीची उंची विचारावी, असे माझे मत झाले आहे.

दुसरी बाब परवान्याची. मोपा गोव्यात आणि आमचे गाव महाराष्ट्रात असल्यामुळे गाडीची नोंदणी कोणत्या राज्यातील आहे, तिच्याकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे की नाही आणि ती विमानतळावर नेमकी कोठे उभी राहणार, हे आदल्या दिवशीच लेखी घ्यावे. बाहेरून येऊन प्रवासी नेणाऱ्या गाड्यांवरून तेथे वाद होत आले आहेत आणि त्या वादात सामान घेऊन उभे राहावे लागते ते प्रवाशाला. पिवळ्या पाटीऐवजी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने आली, तर ती कितीही चकचकीत असली तरी नाकारावी. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. बांद्याजवळ इन्सुली येथे उत्पादन शुल्क विभागाची तपासणी होते, हेही पाहुण्यांना आधी सांगून ठेवलेले बरे.

विजयदुर्गहून, कोल्हापूरमार्गे

आम्ही कोल्हापूरच्या विमानतळावर उतरतो. २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद होता, तरी मोबाईलवरील नकाशा आम्हाला त्या घाटाच्या माथ्यावरील गगनबावड्याकडेच बोलावत होता. चालकाने त्याकडे लक्ष न देता राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने गाडी उतरवली आणि वाटेत एकदाही कोणाला रस्ता विचारला नाही. गाडी कोणती होती, हे मला आज आठवत नाही. तो चालक मात्र आम्ही दर वेळी नाव सांगून मागतो.

कुडाळहून, चालक-मालक

दुसरी बाजूही येथे यावी, म्हणून लिहितो. चिपीहून रत्नागिरीला एकेरी भाडे सांगितले की ग्राहकाला ते दुप्पट वाटते. एका अर्थी ते दुप्पटच असते, कारण रत्नागिरीहून चिपीला येणारा प्रवासी आम्हाला क्वचितच मिळतो. तिकडचे लोक कोकण रेल्वेने जातात आणि आम्हाला दीडशेहून अधिक किलोमीटर रिकामे परतावे लागते. जो हा हिशेब न मांडता स्वस्त आकडा सांगतो, तो पुढे थांब्याचे, वातानुकूलनाचे किंवा रात्रीचे पैसे काढतो. म्हणून टोल, पार्किंग, चालकभत्ता आणि परतीचे भाडे धरून एकच रक्कम आधी ठरवणे दोघांच्याही सोयीचे असते.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. चिपीचा विमानतळ समुद्राजवळच्या उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. ढग खाली आले की विमान गोव्याला वळते किंवा निघाले तेथे परत जाते, आणि आम्ही गाडी धुऊन-पुसून चिपीच्या दारात उभे असतो. अशा वेळी रिकाम्या फेरीचे पैसे कोणी द्यायचे, हे न ठरवल्यामुळे चांगले ग्राहक तुटलेले मी पाहिले आहेत. मी स्वतः निम्मे भाडे घेतो आणि गोव्याला जायला सांगितले, तर अंतर धरून नवीन भाडे सांगतो.

एक गोष्ट मनात राहते. पाहुण्यांसाठी समुद्राकडची खोली असते, परंतु रात्री उशिरा पोहोचलेल्या चालकाने कोठे निजावे, याचा विचार फार थोडी हॉटेले करतात. पहाटे परतीचा प्रवास त्याच चालकाबरोबर करायचा असेल, तर त्याच्या झोपेची चौकशी करणे पाहुण्यांच्याच हिताचे आहे. गणपतीच्या दिवसांत तर चालक सलग फेऱ्या करतात. त्या आठवड्यात मी रात्रीचे लांबचे भाडे घेत नाही, मग कोणी कितीही देऊ करो.

देवबागहून, न्याहारी-निवासाचे मालक

आमचे गाव एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांमधील अरुंद पट्टीवर आहे. रस्ता एकच आणि तोही इतका निमुळता, की समोरून पर्यटकांची बस आली तर एकाला मागे जावे लागते. मागील हंगामात एक कुटुंब मोप्याहून लांबलचक मर्सिडीजमधून आले. महामार्गावर गाडी पाण्यासारखी आली, असे ते सांगत होते. परंतु आमच्या वाडीच्या वळणावर तिचा पुढचा भाग दगडी गडग्याला आणि मागचा माडाला लागेल अशी स्थिती झाली, आणि चालकाला बरेच अंतर मागे हटून गाडी मंदिराजवळ लावावी लागली. त्याने चिडचिड केली नाही, हे विशेष. आता आरक्षण घेतानाच आम्ही पाहुण्यांना गाडीचा प्रकार विचारतो आणि ती लांब असेल, तर मंदिरापासून सामान आणायला वाडीतील रिक्षा सांगून ठेवतो. तिचे भाडे आम्हीच देतो.