डी अँड डीमध्ये कुस्तीचा फड बसवायचाय, नियम सुचवा

नमस्कार मंडळी. डी अँड डी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४ ची) कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) चालवतोय. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) पाचव्या लेव्हलला आहे आणि पुढच्या सेशनला एका गावच्या जत्रेत पोचतेय. तिथे कुस्त्यांचा फड, शेवटची कुस्ती चांदीच्या गदेची. आमचा बार्बेरियन (रांगडा लढवय्या) उतरणार हे नक्की.

पुस्तकाप्रमाणे ग्रॅपल (समोरच्याला धरून ठेवणं) म्हणजे एकाचा ॲथलेटिक्सचा रोल (फासा अधिक कौशल्याचा आकडा) विरुद्ध दुसऱ्याचा ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स. लढाईच्या धामधुमीत ते चालतं. पण ज्या कुस्तीसाठी गाव दुपारपासून बसलंय ती एका फाशात उरकायची? त्यात रेजमध्ये (बार्बेरियन संतापलेला असताना) स्ट्रेंथच्या रोलना ॲडव्हांटेज (दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा), म्हणजे निकाल जवळपास ठरलेलाच. आणि बार्ड (गायक), रोग (चोर), क्लेरिक (पुजारी) यांनी तोवर काय करायचं? पंधरा-वीस मिनिटांत आटपेल असं काही कुणी वापरलंय का?

प्रतिसाद १

एका रोलवर अजिबात ठेवू नका. तुमच्या गड्याचे फाशात मिळवायचे +८ आणि समोर +० वाला किरकोळ माणूस असला, तरी साध्या डी२० (वीस बाजूंचा फासा) विरुद्ध डी२० मध्ये तो किरकोळ माणूस १६.५ टक्के वेळा जिंकतो. म्हणजे सहात एकदा! कुठल्या आखाड्यात असं होतं? बरोबरी झाली की पुन्हा टाकायचं असं धरून, तीनपैकी दोन केलं की हे प्रमाण ८ टक्क्यांखाली येतं, पाचपैकी तीन केलं की ४ टक्क्यांखाली.

पण नुसते रोल वाढवले तर खेळणाऱ्याला ठरवायला काहीच उरत नाही. मातीतल्या कुस्तीचा क्रम घ्या: खडाखडी (सुरुवातीची झटापट), पकड, कब्जा, चीत. मधोमध खडाखडी, तिथून दोन्ही बाजूंना तीन-तीन पायऱ्या, एक सोंगटी. दर फेरीला दोघांनी चिठ्ठीवर गुपचूप लिहायचं: डाव, तोड (समोरच्याच्या डावाला उत्तर) किंवा दम (श्वास घेणं). चिठ्ठ्या एकदम उघडायच्या.

डाव विरुद्ध डाव: नेहमीचा रोल, जिंकणाऱ्याकडे एक पायरी. डाव विरुद्ध तोड: तोड करणाऱ्याला ॲडव्हांटेज, जिंकला तर सोंगटी एक पायरी त्याच्याकडे, पण हरला तर डाव टाकणाऱ्याला दोन पायऱ्या. डाव विरुद्ध दम: रोल न करताच एक पायरी डाव टाकणाऱ्याकडे. तोड विरुद्ध दम: तोड करणारा फुकट ताणला गेला, त्याचा एक दम कमी.

प्रत्येकाकडे ३ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) मॉडिफायर इतके दम. डाव टाकला की एक खर्च, दम घेतला की एक परत. शून्यावर आला की पुढचे सगळे रोल डिसॲडव्हांटेजने (दोनदा टाकून लहान आकडा).

डावाचं नाव घेतल्याशिवाय रोल करू देऊ नका. खडाखडीतून एकेरी पट (एक पाय धरायचा डाव) काढता येतो. ढाक किंवा कलाजंग मारायचा तर आधी पकड हवी. घिस्सा मागून कब्जा घेतल्यावरच. आमच्याकडे एकाने खडाखडीतच कलाजंग लिहिला होता. पकडच नव्हती, म्हणून डाव फुकट आणि दमही गेला. पुढच्या फेरीपासून सगळं टेबल सोंगटी कुठे आहे ते बघून बोलायला लागलं. मला हवं होतं ते हेच.

प्रतिसाद २

वरच्या पायऱ्या आवडल्या, वापरणार. रेजबद्दल सांगतो. रेज एक मिनिट टिकतो, म्हणजे दहा राउंड. तुमची एक फेरी तीन राउंडची धरा, म्हणजे चौथ्या फेरीत रेज उतरतो. ॲडव्हांटेज काढून घेऊ नका, तो त्याच्या क्लासचा हक्क आहे. समोरचा मल्ल मात्र कसलेला ठेवा. तो पहिल्या फेऱ्या तोड करत, अंग चोरत काढेल आणि गडी दमला की पटात शिरेल. बार्बेरियनला मग विचार करावा लागतो: आत्ताच भिडायचं की रेज राखून ठेवायचा?

बाकीच्यांना कामं भरपूर आहेत. बार्डच्या हातात हलगी द्या. त्याचं इन्स्पिरेशन (साथीदाराला रोलमध्ये मिळवायला दिलेला फासा) पाचव्या लेव्हलला डी८ (आठ बाजूंचा) असतं आणि ६० फुटांवरून चालतं, फडाच्या कडेला बसून अगदी रीतसर. रोगने आधी गर्दीत हिंडून समोरच्याचा हुकमी डाव कोणता ते काढावं. क्लेरिकने गाइडन्स (रोलला मदत करणारी जादू) टाकायचा तर स्पर्श करावा लागतो आणि मंत्रही म्हणावा लागतो, पंचांच्या नजरेतून ते सुटणार नाही. त्यापेक्षा त्याला वस्ताद करा: कुस्तीत एकदाच, चिठ्ठ्या उघडल्यावर, ओरडून आपल्या पठ्ठ्याची चिठ्ठी बदलायची मुभा. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त आरडाओरडा त्याच क्षणी होतो.

प्रतिसाद ३

पायऱ्या फक्त गदेच्या कुस्तीला ठेवा. आधीच्या छोट्या कुस्त्या एका रोलवर सोडवा, पण डी२० ऐवजी ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) टाका. +८ विरुद्ध +० मध्ये तो किरकोळ माणूस मग जेमतेम २ टक्के वेळा जिंकतो. आणि टेबलावर कुणी २०२४ चे नियम आणले तर आधीच बोलून घ्या. त्यात ग्रॅपलला समोरचा सेव्हिंग थ्रो (ठरलेल्या आकड्याविरुद्ध बचावाचा फासा) टाकतो, रोल विरुद्ध रोल राहिलेलं नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार सगळ्यांचे. पायऱ्या, दम आणि वस्ताद घेतोय, छोट्या कुस्त्यांना ३डी६. एकच शंका: दोघंही तोड-तोड किंवा दम-दम लिहीत बसले तर?

प्रतिसाद १

लागोपाठ दोन फेऱ्या सोंगटी हलली नाही की पंच ताकीद देतो, तिसऱ्या फेरीला दोघांनाही डाव लिहावाच लागतो. आठ फेऱ्यांत चीत झाली नाही तर सोंगटी ज्याच्या बाजूला कललेली तो गुणांवर विजयी. अगदी मधोमध असली तर बरोबरीत सोडवा आणि गदा गावाकडेच ठेवा. पार्टीला पुढच्या जत्रेला परत यायला कारण मिळेल.