मदत हवी आहे: सीपॅपचा मास्क रात्रभर टिकतच नाही

घोरासुर

नमस्कार मंडळी. आयडी बायकोने सुचवलाय, त्यामुळे दुखणं काय ते वेगळं सांगायला नको.

वय ५१. घोरणं जुनंच, पण हल्ली मीटिंगमध्ये बसल्याबसल्या डोळा लागायला लागला. एकदा तर सिग्नलला गाडी थांबवली आणि मागच्यांच्या हॉर्नने जाग आली. तेव्हा घाबरून स्लीप स्टडी करून घेतली. एएचआय ३८ निघाला, म्हणजे तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो. ३० च्या वर गेला की तीव्र म्हणतात असं कळलं. डॉक्टरांनी ऑटो सीपॅप दिलंय (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, दाब गरजेप्रमाणे स्वतःच बदलतं), प्रेशर ६ ते १४, रॅम्प (कमी दाबापासून हळूहळू वाढवत नेणारं सेटिंग) चालू.

आज दहावी रात्र. मशीनबद्दल काही म्हणणं नाही. दोन रात्री चार-चार तास मास्क राहिला, त्या सकाळी डोकं इतकं मोकळं होतं की मलाच खरं वाटेना. घोडं अडलंय ते मास्कपाशी. फुलफेस (नाक-तोंड दोन्ही झाकणारा) मिळालाय, मध्यम साइज. देणाऱ्याने मला खुर्चीत बसवलं, मशीन बंद असतानाच तो तोंडावर धरला, "बसतोय की" म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

रात्री काय होतं ते सांगतो. अकराला लावतो. तासाभरात नाकाच्या हाडापाशी हवा सुटते ती थेट डोळ्यात. उठून पट्टे आवळतो. थोडा वेळ शांतता. कुशीवर वळलो की गालापाशी फुर्रर्र. पुन्हा आवळतो. दोन-अडीचच्या सुमाराला मी तो काढून टाकतो, कधी ते आठवत नाही, सकाळी उशीखाली सापडतो. नाकाच्या हाडावर आधी नुसता वण होता, आता कातडी सोलपटलीय. अॅपमध्ये लीक (हवेची गळती) मिनिटाला ४० लिटरच्या वर दाखवतं आणि मशीन लावूनही एएचआय ११.

मिशी आहे, दाढी नाही. झोपलो की एक नाकपुडी चोंदते. बायकोच्या म्हणण्यानुसार झोपेत माझं तोंड उघडं असतं, पण तो मशीनच्या आधीचा काळ.

साइज चुकलीय, प्रकार चुकलाय की मीच चुकतोय? कृपया "सवय होईल" एवढंच सांगू नका, ते दहा दिवस ऐकतोय.

साखरझोप

घोरासुर, सहा वर्षं झाली मला मशीन लावून. पहिले दोन महिने मीही मास्क भिंतीवर फेकायच्या बेतात होते.

आधी एक करा, पट्टे सैल सोडा. हो, सैल. मास्कच्या कडेला जी सिलिकॉनची पातळ झालर असते ना, ती हवेने फुगून चेहऱ्याला लागायची असते. तुम्ही आवळलं की ती चुरगळते, घडी पडते आणि त्या घडीतून हवा निघते. मग तुम्ही अजून आवळता. ती सोलपटलेली कातडी त्याचीच.

आज रात्री असं करा: मशीन चालू करा, रॅम्प बंद करा म्हणजे पुरेसं प्रेशर येईल, आणि उताणे *झोपून* मास्क लावा. बसून नाही. आडवं झालं की गाल, जबडा सगळं मागे घसरतं, बसून जुळवलेलं माप तिथेच चुकतं. मग मास्क चेहऱ्यापासून अर्धा बोट पुढे ओढा, झालर फुगू द्या आणि हळूच परत टेकवा. आता पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, थोडेथोडे ओढा, हवा थांबेपर्यंतच. पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. डोळ्याकडे हवा जात असेल तर वरचे पट्टे बघा, पण बहुतेकदा खालचे फार ओढल्यामुळे मास्क वरून उचलला गेलेला असतो. खालचे सोडून बघा आधी.

मग एका कुशीवर वळा, दुसऱ्या कुशीवर वळा, तिथेच बारीक फेरफार करा. दहा मिनिटं जातात, पण रात्र वाचते.

कुंभकर्ण_धाकटा

माझा साधा उपाय, पट्टे घट्ट आणि तोंडावर चिकटपट्टी. तोंड बंद तर लीक बंद. मी तर मास्कची ती बारीक भोकंही बुजवली होती, फार आवाज करायची.

साखरझोप

धाकटे कुंभकर्ण, भोकं लगेच मोकळी करा! ती गळती मुद्दाम ठेवलेली असते. तुम्ही सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो, नाहीतर तीच हवा परत आत घ्याल. चिकटपट्टीचं म्हणाल तर घोरासुरांचं नाक चोंदतंय. चोंदलेलं नाक आणि बंद केलेलं तोंड, वरून फुलफेस. नको.

निद्रालॅब

स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रोज हेच बघतो, म्हणून जरा लांब लिहितोय.

साखरझोप ताईंनी पट्ट्यांचं सांगितलं त्यात घालण्यासारखं काही नाही. पण घोरासुर, मला शंका प्रकाराचीच येते. तोंड उघडं असतं म्हटलं की बरेच जण सरळ फुलफेस हातात देतात. तोंड उघडतं त्याचं कारण अनेकदा नाक असतं, आणि अॅप्नियात (झोपेत श्वास थांबण्याच्या या आजारात) घसा बंद पडला की माणूस तोंडाने हवा ओढतो. प्रेशरने घसा उघडा राहिला की बऱ्याच जणांचं तोंड आपोआप मिटतं. मशीनच्या आधीचं उघडं तोंड बघून मास्क ठरवू नये.

फुलफेसला चेहऱ्यावर जागा जास्त लागते, म्हणजे गळायला जागाही जास्त. शिवाय तो खालचा जबडा मागे दाबतो, जीभ मागे जाते आणि कित्येकांना नेझल (फक्त नाकावर बसणाऱ्या) मास्कपेक्षा जास्त प्रेशर लागतं. तुमचा उरलेला एएचआय ११ आहे, त्यात लीकचा हात असेलच, पण हेही असू शकतं. तोंडाने श्वास घ्यावाच लागतो अशांना फुलफेस लागतो, त्याला वाईट म्हणत नाही. पण सुरुवात नेझलपासून करून बघावी असं माझं मत.

दिवसा एक साधी परीक्षा करा. तोंड मिटून, शांत बसून, पाच मिनिटं फक्त नाकाने श्वास घ्या. जमलं तर नेझल मागून घ्या. नाही जमलं तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, नाकाचा पडदा वाकडा असेल किंवा अॅलर्जी असेल तर ते मास्क बदलून सुटणार नाही. झोपण्याआधी सलाइनचा स्प्रे आणि ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारा मशीनचा भाग) एक पायरी वर, एवढ्यानेही पुष्कळांचं नाक सुटतं. नळीत पाणी साठून गुडगुड आवाज आला तर पायरी खाली आणा किंवा गरम होणारी नळी वापरा.

नाकपुडीत बसणारे पिलो प्रकारचे मास्क सगळ्यात छोटे, नाकाच्या हाडाला शिवतही नाहीत. तुमच्या मिशीवर ते नीट बसतील का, हे लावूनच कळेल. प्रेशर १२-१३ च्या पुढे जाणाऱ्यांना नाकपुडीत हवेचा झोत टोचतो असंही ऐकतो. तुमची वरची मर्यादा १४ आहे, रात्रीचं प्रत्यक्ष प्रेशर अॅपमध्ये बघा.

रेसमेडच्या मशीनवर लीकची सीमा मिनिटाला २४ लिटर आहे. दुसऱ्या काही कंपन्या मुद्दाम सोडलेली हवाही आकड्यात धरतात, तेव्हा दोघांनी एकमेकांचे आकडे ताडून बघू नयेत. मास्क बदलला की मशीनच्या सेटिंगमध्ये मास्कचा प्रकारही बदला, हे सगळे विसरतात.

आणि एक. मास्कला चुंबकाच्या क्लिपा असतील आणि तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर किंवा तसलं काही बसवलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चुंबक अशा उपकरणापासून निदान १५ सेंटिमीटर दूर लागतं, आणि झोपेत कोण मोजणार?

आडवाकूस

मीही कुशीवर झोपणारा. नळी छातीवरून नेऊ नका, डोक्यामागून वर टांगा, म्हणजे वळताना मास्कला ओढ बसत नाही. उशीची कड मास्कला ढकलत असेल तर डोकं उशीच्या काठावर घ्या, मास्क बाहेर लटकता. माझं अर्धं फुर्रर्र तिथेच थांबलं. कुशन (मास्कचा चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा भाग) रोज सकाळी साध्या सौम्य साबणाने धुवा, आणि झोपण्याआधी चेहराही. क्रीम लावून मास्क घातलात तर तो घसरणारच.

जाताजाता: सीपॅप शोधणारे कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली पहिल्या रुग्णांबद्दल लिहिलं. त्या सुरुवातीच्या काळात मास्क रोज रात्री नाकाला चक्क चिकटवावा लागे आणि सकाळी सोलून काढावा लागे. पट्टे आवळताना मी ते आठवून स्वतःचं समाधान करून घेतो.

घोरासुर

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. एक राहिलं: मी झोपेत तो काढतो, त्याचं काय? हात बांधून झोपू का?

निद्रालॅब

हात नका बांधू. झोपेत काढण्यामागे बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात: लीकची झुळूक, चोंदलेलं नाक, किंवा हवा कमी पडतेय असं वाटणं. तुमचा रॅम्प कितीवर सुरू होतो ते बघा. ४ वर असेल तर मोठ्या माणसाला गुदमरल्यासारखं होऊ शकतं, लोक त्याला "मास्क सहन होत नाही" म्हणतात. रॅम्प तुम्ही बदललात तर चालेल, खालचं-वरचं प्रेशर मात्र डॉक्टरांनाच बदलू द्या. आणि दिवसा, जागेपणी, वाचताना किंवा टीव्ही बघताना वीस-तीस मिनिटं मास्क आणि हवा दोन्ही लावून बसा. मेंदूला ती गोष्ट धोक्याची नाही हे जागेपणी शिकवायचं. रात्री दोनला जाग आली आणि मास्क उशीखाली दिसला तर परत लावा, "आजची रात्र गेली" म्हणून सोडू नका.

हाडावरची जखम भरेपर्यंत तिथे दाब नको. कापडी लायनर किंवा जेलचा पट्टा मिळतो, पण त्याने सील बिघडू शकतं. खरं औषध सैल पट्टे.

घोरासुर

(नऊ दिवसांनी)

मंडळी, हिशेब द्यायला आलोय.

पहिल्या रात्री झोपून, मशीन लावून, पट्टे सैल करून लावला. फुलफेसच, तोच. लीक ४० वरून १९ वर. मी इतके दिवस आवळून स्वतःच ती गळती वाढवत होतो हे बघून हसावं की रडावं कळेना. बायको म्हणाली, हस, निदान घोरणार तरी नाहीस.

रॅम्प खरंच ४ वर होता. ६ केला.

तिसऱ्या दिवशी पाच मिनिटांची परीक्षा दिली, पास. डॉक्टरांना विचारलं आणि मास्क देणाऱ्याकडे पुन्हा गेलो. या वेळी मी हट्ट धरला की आडवा होऊनच, हवा लावूनच बघणार. त्याने आढेवेढे घेतले, मग एक बाक रिकामा करून दिला. तीन नेझल मास्क घालून पाहिले. पिलो मिशीवर सरकत होते, तो बेत रद्द. (मिशी काढ, असा सल्ला घरातून आला. विषय बंद.) नाकावर बसणारा छोटा घेतला, साइज चक्क लहान निघाली.

गेल्या पाच रात्री साडेपाच ते सहा तास. लीक ८-१०. एएचआय ३ च्या आसपास. हाडावरची कातडी भरत आलीय. दोन रात्री पहाटे चारला मास्क परत उशीखाली होता, एकदा परत लावला, एकदा कंटाळलो. दुपारची पेंग निम्म्याने कमी. कार मात्र अजून बायकोच चालवतेय.

आता नवीनच काहीतरी: सकाळी पोट हवेने फुगलेलं, ढेकरावर ढेकर. ही मशीनचीच हवा पोटात जातेय का? की यासाठी वेगळा धागा काढू?

निद्रालॅब

वेगळा नको, इथेच बोलू. हो, गिळलेली हवा असू शकते. आकडे टाका: रात्रीचं ९५ टक्क्यांचं प्रेशर (रात्रीचा ९५ टक्के वेळ ज्या आकड्याच्या आत राहतं तो) किती, आणि श्वास सोडताना प्रेशर कमी करणारं सेटिंग चालू आहे की बंद?