मदत हवी आहे: रोज साडेदहाला साइट लटकते

ऐरोलीकर_ताई: आमच्या बचत गटाचे डबे ऐरोली, महापे, घणसोलीतल्या ऑफिसांत जातात. साइट मी सांभाळते. साडेदहा ते साडेअकरा ऑर्डरींची गर्दी असते, नेमकं तेव्हाच 'टू मेनी कनेक्शन्स' ही एरर, म्हणजे डेटाबेसला एकाच वेळी फार जोडण्या. परवा रॅम ४ची ८ जीबी केली, ढिम्म फरक नाही. स्लो क्वेरी लॉग (डेटाबेसला विचारलेल्या ज्या क्वेऱ्या हळू चालतात त्यांची नोंद) चालू आहे पण रिकामा. बायका पहाटे चारपासून पोळ्या लाटतात हो! आज रात्रीच काहीतरी सांगा.

कोपरी_पूल: डेटाबेस कुठला? व्हर्जन? टेबल केवढं?

तलावपाळी: रेडिस लावा, उत्तरं मेमरीत तयार ठेवणारी कॅश. आमचं दुखणं त्यानेच गेलं.

ऐरोलीकर_ताई: मायएसक्यूएल ८.०. ऑर्डरींच्या १४ लाख ओळी. ऑर्डर_वेळ या तारीख-वेळेच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे.

जुना_वाशीकर: क्वेरी कॅश (डेटाबेसने जुनी उत्तरं साठवून ठेवणं) चालू करा आणि कनेक्शनची मर्यादा १५१ची हजार करा.

कोपरी_पूल: काका, ८.० मधून क्वेरी कॅश काढूनच टाकलीय. आणि क्वेऱ्या तुंबल्यात म्हणून कनेक्शन संपतायत. हजार केली तर हजार तुंबतील.
ताई, 'लाँग क्वेरी टाइम', म्हणजे किती वेळ लागला की क्वेरी त्या लॉगमध्ये जाते तो आकडा, मुळात १० सेकंद असतो. चार सेकंदांची क्वेरी लॉगमध्ये येणारच नाही. तो ग्लोबल १ करा आणि ॲप रीस्टार्ट करा. उघडी कनेक्शन जुनाच आकडा धरून बसतात.

घणसोली_५: सेक्टर ५ला डबा मिळेल का? जैन?

ऐरोलीकर_ताई: सापडली! स्वयंपाकघरातल्या टॅबवरची 'आजच्या ऑर्डरी' यादी, दर पाच सेकंदांनी ताजी होते. एक्स्प्लेनमध्ये (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) टाइप 'ऑल', म्हणजे अख्खं टेबल वाचतंय. इंडेक्स असून असं का?

कोपरी_पूल: व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, कॉलमभोवती डेट() लावलंय का?

ऐरोलीकर_ताई: हो, डेट(ऑर्डर_वेळ) = करडेट(), म्हणजे आजची तारीख.

कोपरी_पूल: तिथेच घोडं अडलंय. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं की त्याचा साधा इंडेक्स वापरता येत नाही, प्रत्येक ओळीची तारीख काढून बघावी लागते. ऑर्डर_वेळ आजच्या मध्यरात्रीपासून पुढे आणि उद्याच्या मध्यरात्रीच्या आत, अशी अट लिहा.

तलावपाळी: रेडिस असतं तर हे शोधावंच लागलं नसतं.

कोपरी_पूल: कॅश रिकामी झाली की हीच क्वेरी पुन्हा डोकं वर काढेल. दुरुस्ती आधी. ताई, रॅम वाढवलीत, पण इनोडीबीचा बफर पूल, म्हणजे मायएसक्यूएल टेबलांचा डेटा रॅममध्ये ठेवतो ती जागा, वाढवलात?

ऐरोलीकर_ताई: १३४२१७७२८ बाइट दिसतंय.

कोपरी_पूल: म्हणजे १२८ एमबीच! नवी रॅम डेटाबेस वापरतच नाहीये. ॲप त्याच मशीनवर असेल तर ४ जीबी द्या.

ऐरोलीकर_ताई: दोन्ही केलं. एक्स्प्लेनमध्ये आता ४१२ ओळी. उद्या साडेदहाला कळवते. घणसोली_५, सेक्टर ५ला येतो डबा, कांदा-लसूण-बटाट्याविना हवा असेल तर आदल्या रात्री सांगा.