जेसीआरमध्ये जेसीआर साठवायचाय, प्रॉपर्टीला नाव काय द्यावं?

नोडवाला: आमचं रिसर्च पेपरचं पोर्टल अपाचे जॅकरॅबिट या सॉफ्टवेअरवर चालतं. म्हणजे सगळा कंटेंट जेसीआरमध्ये, जावा कंटेंट रिपॉझिटरीत; तिथे प्रत्येक नोंद म्हणजे नोड, आणि नोडवरची माहिती म्हणजे प्रॉपर्टी. आता ग्रंथालयाला प्रत्येक पेपरसमोर ‘जेसीआर’ हवाय, म्हणजे जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधले, कुठल्या जर्नलला किती संदर्भ मिळतात याचे आकडे. मीटिंगमध्ये विचारणा झाली, जेसीआर अपडेट कधी होतो? आमचा ॲडमिन म्हणाला, “दर सेव्हला.” ग्रंथपालबाई म्हणाल्या, “छे, वर्षातून एकदा, जूनमध्ये.” दोघंही बरोबर! असो. टीममधला एकजण म्हणतोय, पेपरच्या नोडवरच ‘जेसीआर:इम्पॅक्टफॅक्टर’ अशी प्रॉपर्टी टाकू. चालेल?

जुना_जावावाला: नको रे बाबा. ‘जेसीआर:’ हा प्रीफिक्स स्पेसिफिकेशनने स्वतःसाठी राखून ठेवलाय. जेसीआर:प्रायमरीटाइप, जेसीआर:कंटेंट ही त्यातलीच मंडळी. अनस्ट्रक्चर्ड (कुठलीही प्रॉपर्टी चालणाऱ्या) नोडवर तुमची प्रॉपर्टी कदाचित मुकाट्याने सेव्हही होईल, आणि पुढे येणारा माणूस ती सिस्टिमची समजून हातच लावणार नाही. स्वतःची नेमस्पेस, म्हणजे स्वतःचा प्रीफिक्स, रजिस्टर करा. टाइप डेसिमल ठेवा, 2009 च्या जेसीआर 2.0 पासून तो आहे.

कपाटकाकू: मी ग्रंथालयाच्या बाजूची. नाव नंतर ठरवा, आधी तो आकडा पेपरवरून उतरवा. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा नव्हे. 2024 चा फॅक्टर म्हणजे त्या जर्नलच्या 2022 आणि 2023 मधल्या मजकुराला 2024 मध्ये मिळालेली सायटेशन्स (इतर लेखांनी दिलेले संदर्भ), भागिले त्या दोन वर्षांतले संशोधन लेख आणि रिव्ह्यू. यात तुमच्या पेपरला एकही सायटेशन नसू शकतं. जर्नलचा वेगळा नोड करा, त्याखाली वर्ष, वर्षाखाली विषयगट. एकच जर्नल एका गटात क्यू1 (क्रमवारीतला सगळ्यात वरचा पाव भाग) आणि दुसऱ्यात क्यू2 (त्याखालचा पाव भाग) असतं, तेव्हा ‘क्वार्टाइल’ नावाची एकुलती एक प्रॉपर्टी खोटं बोलणार. आणि 2023 च्या आवृत्तीपासून फॅक्टर एकाच दशांश स्थळापर्यंत देतात. जुने तीन स्थळांचे आकडे आहेत तसेच राहू द्या.

नोडवाला: हे पटलं. पेपरकडून जर्नलकडे रेफरन्स टाइपची प्रॉपर्टी देतो. पण 2021 च्या पेपरसमोर कुठल्या वर्षाचा आकडा दाखवू?

कपाटकाकू: ते तुमच्या संस्थेचा नियम ठरवेल. काहीही दाखवा, पण आकड्याला चिकटून वर्ष छापा. आणि हो, हा डेटा क्लॅरिव्हेट कंपनीचा, वर्गणीचा आहे. उघड्या पानावर टाकायची परवानगी तुमच्या करारात आहे का, ते कोड लिहायच्या आधी बघा.