मदत हवी आहे: नाल्यातले गप्पी मासे वेगळे वागतात, हार्मोन म्हणायचं का?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात मराठी हायस्कूलला विज्ञान शिकवते. प्रदर्शनासाठी नववीच्या पोरांनी दोन टाक्या मांडल्यात. एकीत वडगाव शिवारातल्या विहिरीतले गप्पी, दुसरीत बळ्ळारी नाल्यातले. विहिरीतला नर मादीपुढे जाऊन शेपटी पसरतो, अंग वाकवून थरथरतो, हटतच नाही. नाल्यातले नर कोपरा धरून असतात. नारिंगी ठिपकाही विटलेल्या हळदीच्या डागासारखा.

पोरांनी नेटवर वाचून चार्टच रंगवला: 'सांडपाण्यातल्या हार्मोन्समुळे नर बायकी झाले'. एवढं ठोकून द्यायला माझं मन होईना. हार्मोनने मासे बदलतात हे खरंच आहे. कॅनडात ओंटारिओतल्या एका तळ्यात २००१ ते २००३ गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिल इस्ट्राडिओल हे कृत्रिम स्त्री-हार्मोन सोडलं, लिटरला जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम. तेवढ्यानं फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांच्या अंगात अंड्यातलं प्रथिन बनायला लागलं आणि तळ्यातून ती जात जवळजवळ संपली. अमेरिकेत गुरांच्या वाढीसाठी वापरतात त्या ट्रेनबोलोन या नर-हार्मोनसारख्या औषधाचं उलटंच: गप्पी नर नाचायचं सोडून मादीवर जबरदस्ती जास्त करतात.

पण आमच्या नाल्यात मैलापाणी, साबण, सगळंच येतं. ऑक्सिजन कमी, अमोनिया जास्त असला तरी मासा मरगळणारच की. शाळेत टीडीएस मीटर आणि पीएचच्या पट्ट्या आहेत, बस्स. तेवढ्यात हे वेगळं कसं काढायचं?

उत्तर (निपाणीहून): मॅडम, रंगावर जाऊ नका. गप्पीचा नारिंगी रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यावरही ठरतो, ते शेवाळातून मिळतं आणि विहिरीत शेवाळ असणार. आधी दोन्हीकडच्यांना एकच पाणी, एकच खाणं द्या. अमोनियाचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. मग मोबाईलवर शूट करून नर किती वेळा नाचला ते मोजा, पण मोजणाऱ्याला टाकी कुठली ते कळू देऊ नका. फरक राहिला तरी हार्मोनच म्हणता येत नाही. त्यासाठी नराच्या यकृतात किंवा रक्तात व्हिटेलोजेनिन, म्हणजे तुम्ही म्हणता ते अंड्यातलं प्रथिन, सापडावं लागतं, ते प्रयोगशाळेचं काम. चार्टवर 'वागणं वेगळं दिसलं' इतकंच लिहा. आणि नाल्यातले मासे नंतर विहिरीत सोडू नका.

धागाकर्ती: धन्यवाद सर, किट उद्याच आणते. टाकी लपवायचं पटलं, पण ज्या पोरीनं चार्ट रंगवलाय तीच मोजायला बसणार म्हणून हटून बसलीय. तिला शूटिंगवर लावलं तर चालेल ना?