परळच्या पदपथावर पावसाळ्यात रुग्णासाठी आडोसा: सल्ला हवा आहे

प्रश्न

माझ्या मामांना तोंडाचा कर्करोग आहे. यवतमाळ जिल्ह्यातून ते परळच्या टाटा रुग्णालयात आले असून त्यांना सुमारे सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन घ्यायचे आहे. धर्मशाळेच्या प्रतीक्षा यादीत नाव लागले आहे. जागा मिळेपर्यंत मामा-मामी रुग्णालयाजवळच्या पदपथावर राहत आहेत, कारण लॉजचे भाडे परवडणारे नाही. पाऊस तोंडावर आला आहे. ताडपत्री कशी बांधावी आणि जमिनीची ओल कशी टाळावी, हे ज्यांनी तेथे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

वडिलांच्या उपचारांच्या वेळी आम्ही त्याच भागात उघड्यावर राहिलो होतो, म्हणून लिहितो. छपराआधी जमिनीकडे पाहा. विटा मांडून त्यांवर फळ्या टाका किंवा गोदामातून टाकून दिलेले लाकडी पॅलेट मिळवा, त्यावर प्लास्टिक, मग चटई आणि शेवटी सतरंजी. पुठ्ठा तळाशी घालू नका. तो पाणी शोषून घेतो आणि रात्रभर अंगाला ओल लागते.

ताडपत्रीला उतार भरपूर द्या आणि तो अंथरुणापासून दूर, रस्त्याच्या बाजूला काढा. सपाट बांधली तर मध्ये पाणी साचून ती फाटते. ताडपत्रीच्या कोपऱ्यातली दोरी ओवायची कडी तुटली असेल तर त्या कोपऱ्यात गुळगुळीत दगड गुंडाळून त्याच्या गळ्याभोवती दोरी आवळा, ती निसटत नाही. मुंबईत पावसाळी वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येतो, म्हणून ती बाजू जमिनीपर्यंत बंद ठेवा आणि समोरची हवेसाठी मोकळी सोडा. विजेच्या खांबाला किंवा रस्त्यावरच्या वीजपेटीला दोरी कधीही बांधू नका; ओल्या दिवसांत तेथे जिवाला धोका असतो. परळजवळचा हिंदमाताचा परिसर सखल आहे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की तेथे पाणी भरते, त्यामुळे भरतीच्या वेळा रोज पाहून ठेवा.

प्रतिसाद २

वरील सल्ला योग्य आहे. रुग्णाच्या दृष्टीने थोडे जोडते. मच्छरदाणी ताडपत्रीइतकीच आवश्यक समजा. स्टोव्ह आडोशाच्या आत पेटवू नका, कारण आग आणि धूर दोन्ही घातक आहेत. रेडिएशनसोबत केमोथेरपीही चालू असेल तर प्रतिकारशक्ती घटते, ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी आपत्कालीन विभागात जा. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर लेप्टोस्पायरोसिसच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) धोक्यामुळे ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. उपचारांची फाइल दुहेरी प्लास्टिक पिशवीत घालून रात्री उशाशी ठेवा.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. महापालिकेची गाडी सामान उचलून नेते, असे मामी सांगत होत्या. त्यावर उपाय आहे का?

प्रतिसाद १

खात्रीचा उपाय नाही, परंतु सकाळी सर्व उतरवून एका गाठोड्यात बांधता येईल अशीच रचना ठेवा. गाठ ओढताच सुटणारी मारा. फाइल, औषधे आणि आधार कार्ड त्या गाठोड्यात न ठेवता मामींच्या जवळच्या पिशवीत असू द्या. शेजारच्या कुटुंबाशी बोलून एकाने सामानाजवळ थांबण्याची पाळी लावा. तेथील माणसे ही मदत आनंदाने करतात.

प्रतिसाद ३

आडोसा हा काही दिवसांचाच पर्याय असावा, असे मला कळकळीने वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बारमाही, चोवीस तास उघडे असे एक निवारागृह असावे असे सांगितले होते. मुंबईत तेवढी निवारागृहे आजही नाहीत, आणि त्याची किंमत आजारी माणसे पदपथावर मोजत आहेत. म्हणून एकाच यादीवर विसंबू नका. रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागाकडून पत्र घेऊन दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात, दोन्हीकडे विचारा. त्याच विभागात आणखी एक प्रश्न आवर्जून मांडा: उपचारांची योजना येथे ठरवून रेडिएशन गावाजवळ घेता येईल का? नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात ही सोय आहे. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. मात्र रेडिएशन सुरू होण्याआधीच विचारा, कारण एकदा सुरू झाल्यावर मध्येच केंद्र बदलणे अवघड जाते.